पुरवणीचे आयुष्य

जुन्या पोथ्यांचे पाठभेद तपासणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते: पोथी शाबूत राहिली, पण तिची लिपी वाचणारा उरला नाही, तर ती मुकी होते. संगणकाच्या जगात हा अनुभव पंधरा वर्षांतच आला.

लिनक्सच्या गाभ्यातील फेरफार ज्या ‘बिटकीपर’ प्रणालीत नोंदले जात, तिची विनामूल्य सोय २००५ साली काढून घेण्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन पर्याय जन्मले: लिनस टोरवाल्ड्स यांची ‘गिट’ आणि ऑलिव्हिया मॅकल यांची ‘मर्क्युरिअल’. कोणी, केव्हा, काय बदलले याची अखंड नोंद ठेवणे, हे दोन्हींचे काम. मर्क्युरिअल मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेली असल्याने तिला पुरवणी जोडणे सोपे होते. पायथनची एक फाइल लिहावी, सेटिंगच्या फाइलीत तिचे नाव नोंदवावे, की नवी आज्ञा तयार.

लेखकाची ही सोय पॅकेज बांधणाऱ्याची मात्र कसोटी ठरे. मर्क्युरिअलच्या अंतर्रचनेने स्थैर्याचे वचन कधीच दिले नव्हते. म्हणून पुरवणी कोणत्या आवृत्त्यांवर तपासली, हे ‘टेस्टेडविथ’ या शब्दापुढे लिहून ठेवण्याची रीत पडली. एका अर्थी ती संपादकाची प्रस्तावनाच होय.

१ जानेवारी २०२० रोजी पायथन २चा आधार संपला. पायथन ३मध्ये अक्षरे आणि बाइट यांची फारकत झालेली होती. मर्क्युरिअल इतिहास बाइटांतच जपते. त्यामुळे पुरवणीतील प्रत्येक अवतरण पुन्हा तपासणे भाग पडले. ज्यांना वाली नव्हता, त्या पुरवण्या मागे राहिल्या. त्याच वर्षी ‘बिटबकेट’ने मर्क्युरिअलचे यजमानपद सोडले. तेथील सार्वजनिक भांडारांच्या प्रती ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ने जतन केल्या, हे सुदैव.

पण प्रत जतन होणे म्हणजे वाचता येणे नव्हे. ‘लार्जफाइल्स’ ही पुरवणी वापरलेले भांडार आपल्या आवश्यकतांच्या यादीत तिचे नाव नोंदवते, आणि ती सुरू नसेल तर मर्क्युरिअल ते उघडण्यास नकार देते. ही पुरवणी मर्क्युरिअलसोबतच येते, म्हणून निभावते. बाहेरच्या पुरवणीवर विसंबलेल्या इतिहासाची किल्ली मात्र पॅकेज बांधणाऱ्या अनाम हातांत असते.

आपण ग्रंथांच्या इतिहासात कर्ता शोधतो, फार तर संपादक. ग्रंथ वाचता राहावा म्हणून खपणाऱ्याचे नाव कोठे लिहितो?