न्यूट्रलवर घाट: एका नियमाचं वय कसं ओळखायचं?

गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा असेल तर कोल्हापूरचा कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल, "ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर." त्यालाच चहा पाजून विचारा. मग तो हेही सांगेल की उताराला गाडी न्यूट्रलवर सोडली की तेल वाचतं. या दोन्ही वाक्यांचा संबंध एकाच कागदाशी येतो, आणि तो कागद म्हणजे मोटार वाहन नियम. नियमांचं पुस्तक कंटाळवाणं म्हणून आपण बाजूला ठेवतो. साधन म्हणून ते फार बोलकं असतं.

देशातल्या अनेक राज्यांच्या नियमांत एक कलम जवळजवळ एकाच शब्दांत येतं. फलक लावलेल्या उतारावर इंजिन चाकांपासून मोकळं सोडून गाडी चालवायची नाही. मोकळं म्हणजे गिअर न्यूट्रलमध्ये, किंवा क्लच दाबलेला, किंवा 'फ्रीव्हील' चालू. कारणही दिलंय: इंजिन ब्रेकचं काम करायचं थांबतं.

आधी हे कारण समजून घेऊ. दहा टनांचा ट्रक फक्त 100 मीटर उंची उतरला, तरी जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात साधारण 30 लिटर गार पाणी उकळीला येईल. न्यूट्रलवर ही सगळी उष्णता ब्रेकच्या लायनर-ड्रमवर पडते. पकड सुटायला लागते. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल सरळ तळाला जातं. खालच्या गिअरमध्ये बराचसा भार इंजिन घेतं. गगनबावड्याच्या पावसात तर हे जास्तच लागू पडतं, कारण ओल्या वळणावर दणकन ब्रेक मारून चाकं जाम झाली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. वेग आधीच कमी असेल तर तशी वेळ क्वचितच येते. (गिअर मात्र वळणाच्या आधी टाकायचा, वळणात नाही.)

आता इतिहासाकडे. त्या 'फ्रीव्हील' शब्दावर थांबा. सायकलचं फ्रीव्हील आपल्याला माहीत आहे: पाय थांबले तरी चाक फिरत राहतं. 1930 च्या सुमारास अमेरिकेत स्टुडबेकरने आणि पुढे इंग्लंडमध्ये रोव्हरने मोटारींना तसलीच सोय दिली. गिअर बदलणं सोपं, पेट्रोलची बचत, आणि उतारावर सगळा भार ब्रेकवर. नंतर ही सोय बहुतेक मोटारींतून गेली. म्हणजे हे कलम आजच्या पुस्तकात असलं तरी त्याची भाषा 1930 च्या दशकातली आहे. आता ताळा करू. मोटार वाहन कायदा 1939 चा. मुंबई, मद्रास, पंजाब या प्रांतांचे त्याखालचे नियम 1940 चे. शब्द इतके सारखे का, याचंही उत्तर इथेच मिळतं: मसुदा एक आणि नकला अनेक. राज्यं बदलली, कायदा 1988 मध्ये नवा आला, कलम तसंच पुढे सरकत राहिलं.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो, माझाही घसरला होता. पहिलं, बंदी आहे म्हणजे सगळे ड्रायव्हर तसंच करत होते, असं सिद्ध होत नाही. मसुदा करणाऱ्याला कशाची भीती होती, एवढंच कळतं. मसुदा बाहेरून आलेला असेल तर भीतीही बाहेरची असू शकते.

दुसरं, नियम 'मुंबईचा' आहे म्हणून तो कोल्हापूरला जोडायचा नाही. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधी घाटमाथा कोल्हापूरच्या छत्राखालच्या बावडा जहागिरीत, आणि पायथा मुंबई प्रांताच्या रत्नागिरी जिल्ह्यात. 1940 चा नियम एकाच उताराच्या खालच्या टोकाला लागू होता आणि वरच्या टोकाला आपोआप लागू नव्हता! ब्रेक तर वरूनच तापायला लागतात.

म्हणून पुराभिलेखागारात जाताना "घाटातली वाहतूक" असा ढोबळ विषय घेऊन जाऊ नका. नियम फलक असलेल्या उतारापुरताच आहे. मग फलक कुणी लावला, कोणत्या वर्षी, कुणाच्या खर्चाने, हे विचारा. ही नोंद बांधकाम खात्याच्या खर्चात असते. पोलिसांच्या दप्तरात शोधत बसलात तर महिना जाईल.

आणि तेल वाचण्याचं म्हणाल, तर ते कार्ब्युरेटरच्या काळात थोडंफार खरं होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला तेल जळत राहतं.