आठवड्याचा आरंभ आणि जुन्या कागदांतील वार

कागदावरील मितीचा निर्णय करितांना शक, संवत्सर, मास व तिथि यांची छाननी संशोधक कसोशीनें करितात. वाराकडे मात्र ओझरतें पाहून पुढें जातात. वस्तुतः या सर्व अंगांत वार हाच सर्वांत भरंवशाचा साक्षीदार होय. परंतु त्याची साक्ष घेण्यापूर्वीं आठवडा कोणत्या वारीं सुरू होतो आणि दिवस कोणत्या वेळीं सुरू होतो, या दोन प्रश्नांची गल्लत होऊं देतां कामा नये. ती झाली तर अस्सल कागद बनावट ठरण्याचा संभव आहे, म्हणून हें टिपण.

पहिला वार कोणता, याविषयीं निरनिराळ्या लोकांत एकमत कधींच नव्हतें. यहुद्यांनीं शब्बाथ सातवा धरिला, तेव्हां रविवार पहिला झाला. अरबांचा 'अहद' व इराण्यांचा 'यकशंबा' हे शब्दही रविवारासच 'एक' हा आंकडा देतात. पोर्तुगीजांत सोमवार हा 'सेगुंदा-फेइरा', म्हणजे दुसरा. गोव्याचीं दप्तरें चाळणारानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. 'सेश्ता-फेइरा', म्हणजे सहावा, हा सोमवारापासून मोजला तर शनिवार येतो, आणि तो आहे शुक्रवार. रशियन लोक उलट मंगळवारास दुसरा व शुक्रवारास पांचवा म्हणतात, अर्थात् त्यांचा आरंभ सोमवारीं. तरी बुधवारास ते 'मधला' म्हणतात, आणि बुधवार मधला ठरतो तो रविवारापासून मोजल्यासच! पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंत तर दोन पांचवे वार शेजारीं शेजारीं नांदतात : बुधवार 'जुमातानो' हा शनिवारापासून पांचवा, आणि गुरुवार 'अल्हामिसी' हा अरबी गणनेनें रविवारापासून पांचवा. आमच्या 'आठवडा' या शब्दांत तर दिवसच आठ. बाजाराचा वार दोन्ही टोकांस मोजल्यामुळें तसें झालें असावें, असें आम्हांस वाटतें.

आमच्याकडे वारांचीं नांवें ग्रहांचीं असल्यानें त्यांत आंकडा दिसत नाहीं. वारासह मिती देणारा आपल्या देशांतील अगदीं जुना लेख म्हणजे बुधगुप्ताच्या वेळचा एरण येथील स्तंभलेख. त्यांत गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, म्हणजे इ. स. ४८४ जून २१ ही मिती आहे. लोकव्यवहारांत क्रम रविवारापासून. तथापि ज्योतिष्यांनीं गणितांत रविवाराचा हट्ट धरिला नाहीं. सूर्यसिद्धांताप्रमाणें सृष्ट्यारंभापासून अहर्गण घेतला तर वार रविवारापासून मोजावयाचा. कलियुगारंभापासून घेतला तर शुक्रवारापासून, कारण युगारंभ शुक्रवारीं मानिला आहे. आणि कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवांत तो सोमवारापासून मोजतात, कारण त्या करणाचा आरंभ शके १४४२ चैत्र शुद्ध प्रतिपदा, सोमवार, हा आहे. ग्रहलाघवाचें अकरा वर्षांचें चक्र ४०१६ दिवसांचें. त्यास सातांनीं भागितां बाकी पांच उरते, म्हणून दर चक्रास पांच वार मिळवावे लागतात. आरंभ तीन, उत्तर मात्र एकच. पोथ्यांच्या संग्राहकांस गणिताचीं सुटीं पानें पुष्कळ मिळतात. तेथें शेष कोणत्या वारापासून मोजला आहे हें पाहिल्यास पान कोणत्या परंपरेचें, याची एक खूण हातीं लागते.

तात्पर्य, आरंभ कोठेंही धरा, वारांची माळ तुटत नाहीं. १५८२ सालीं पोपनें पंचांग सुधारिलें तेव्हां आक्टोबर ४ गुरुवारनंतर आक्टोबर १५ शुक्रवार आला. इंग्रजांनीं १७५२ त सप्टेंबर २ बुधवारनंतर सप्टेंबर १४ गुरुवार धरिला. तारखा गळाल्या, वार एकही गळाला नाहीं. म्हणूनच सतराव्या शतकांतील सुरतेचे इंग्रज व गोव्याचे पोर्तुगीज यांच्या तारखांत दहा दिवसांचें अंतर असूनही वार एकच असतो.

खरी अडचण दिवसाच्या आरंभाची. शिवजन्माची मिती घ्या. लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणिलेल्या जेधे शकावलींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, असें आहे. जुन्या पद्धतीनें ती १६३० फेब्रुवारी १९, नव्या पद्धतीनें मार्च १, दोन्हीकडे शुक्रवारच. जोधपुरास मिळालेल्या कुंडलींतही तीच तिथि व तोच वार असून वेळ सूर्योदयापासून ३० घटी ९ पळें दिली आहे. शिवभारतही जन्म रात्रींचा सांगतें. त्या सुमारास शिवनेरीस दिनमान तीस घटींहून किंचित् कमी. तेव्हां या कुंडलीप्रमाणें जन्म सूर्यास्तानंतर लगेच. आतां अशी कल्पना करावी कीं, ही नोंद एखाद्या फारसी अखबारनविसानें केली असती. त्याचा दिवस सूर्यास्ताबरोबर पालटलेला. त्यानें 'शब-ए-शंबा', शनिवारची रात्र, असेंच लिहिलें असतें, आणि त्याच्या परीनें तें बिनचूक ठरलें असतें. असा कागद पुढें आला असता तर वार जुळत नाहीं म्हणून तो बाजूस टाकण्यास आपणांपैकीं कितीजण धांवले असते!

हा प्रकार परका मानण्याचें कारण नाहीं. आपल्या शेजारचा मुसलमान गृहस्थ गुरुवारास 'जुमेरात' म्हणतो. शब्दशः अर्थ शुक्रवारची रात्र; ती शुक्रवारच्या आधींची, म्हणून गुरुवारची. पुढें रात्रीचें नांव सबंध दिवसास चिकटलें. 'शब-ए-जुमा'चें भाषांतर 'शुक्रवारीं रात्रीं' असें करणारा सबंध एका दिवसानें चुकतो.

यास्तव जंत्री उघडण्यापूर्वीं घटना दिवसाची कीं रात्रीची, हें प्रथम टिपणवहींत लिहावें. सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत फारसी लेखक एका वारानें पुढें असतो. मध्यरात्रीनंतर इंग्रजही त्यास जाऊन मिळतो. आमचा जोशी सूर्योदयापर्यंत मागच्याच वारावर राहतो. या मर्यादेंतील एका वाराचा फरक कागदास बाधक नाहीं. भर दिवसाच्या घटनेंत वार चुकला, किंवा रात्रीच्या घटनेंत दोन वारांचें अंतर पडलें, तर मात्र आधीं नकलनविसाच्या हातचुकीचा विचार करून मग कागदाचा कस पाहावा.