फाटलेल्या आवाजाचा इतिहास

शाळेचे स्नेहसंमेलन सुरू असते. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहतात. मंडपाच्या कोपऱ्यात बसलेला लाउडस्पीकरवाला उत्साहाच्या भरात बटण जरा जास्तच फिरवतो, आणि मागून कोणीतरी ओरडते, "अरे, आवाज फाटतोय! कमी कर!" हा अनुभव आपणा सर्वांनाच आहे. ध्वनी कापडासारखा फाटत नाही हे आपल्याला ठाऊक असते, तरीही 'फाटणे' हाच शब्द तेथे नेमका बसतो.

पण जगात असाही एक वादकवर्ग आहे, की जो हा फाटलेला आवाज मुद्दाम निर्माण करतो. 'हेवी मेटल' या नावाच्या संगीतातील गिटारवादकांचा तो प्राणच. त्यांच्या शेजारी लोखंडी मांडणीत एकावर एक रचलेली चपटी खोकी दिसतात. वरचे खोके म्हणजे पूर्व-विवर्धक अथवा प्रीॲम्प, खालचे म्हणजे शक्ती-विवर्धक अथवा पॉवर ॲम्प. वर कोणते घ्यावे आणि खाली कोणते, यावर त्यांच्यात तासन्‌तास वाद चालतात. बाहेरच्याला हे वेड वाटेल. परंतु त्या वादामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा आरंभ संगीतात नाही, टेलिफोनमध्ये आहे.

टेलिफोनची देणगी

तारेतून दूर जाणारा आवाज क्षीण होत जातो. तो वाटेत पुन्हा मोठा कसा करायचा, हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा मोठा प्रश्न होता. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन विद्युतअग्रांची निर्वात नलिका बनवली. आपल्याकडे जुने रेडिओ दुरुस्त करणारे तिला 'व्हॉल्व्ह' म्हणत. तीत पुढे सुधारणा झाल्या आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दूरध्वनी सुरू झाला. पाच हजारांहून अधिक किलोमीटरच्या त्या तारेवर आवाजाला मधूनमधून 'ढकलणारे' विवर्धक बसवले होते.

असे विवर्धक वाढत गेले तशी टेलिफोन केंद्रांत जागा अपुरी पडू लागली. तेव्हा अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने १९२२च्या सुमारास मांडणीचे एक ठरीव माप रूढ केले : रुंदी १९ इंच, आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. 'रॅक' म्हणतात ती हीच मांडणी. आज संगणककेंद्रात किंवा ध्वनिमुद्रणगृहात दिसते तीही याच मापाची.

दुसरा प्रश्न अधिक चिवट होता. प्रत्येक विवर्धक आवाज मोठा करताना त्याचा आकार थोडासा बिघडवतो. याला विरूपण म्हणू. एका विवर्धकाचे विरूपण कानाला कळत नाही. पण वाटेत असे शंभर विवर्धक असले तर बिघाडावर बिघाड साचतो आणि शेवटी बोलणेच कळेनासे होते. बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंता हॅरल्ड ब्लॅक या प्रश्नाने पछाडला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीतून बोटीने कामावर जात असताना त्याला उत्तर सुचले आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्याने ते उतरवले. विवर्धकातून बाहेर येणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. विवर्धन कमी होते, पण विरूपणही त्याच प्रमाणात कमी होते. हेच ऋण प्रतिभरण. विरूपणाविरुद्धच्या लढाईतील हे सर्वांत मोठे अस्त्र ठरले.

बिघाडाची गोडी

१९३०च्या दशकात विजेची गिटार आली. तारेखाली लोहचुंबक व त्याभोवती वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो वाढवण्यासाठी रेडिओसारखाच व्हॉल्व्हचा विवर्धक वापरत. वादकांना हवा होता फक्त मोठा आवाज. पण छोटा विवर्धक मर्यादेबाहेर ताणला की आवाज फाटे, आणि काहींना तो चक्क आवडू लागला.

पुढचा इतिहास अपघातांचा आहे. १९५१ साली मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारवादक विली किझार्टच्या विवर्धकाला प्रवासात इजा झाली होती. तात्पुरती डागडुजी म्हणून त्यात कागद कोंबला आणि तोच घरघरणारा आवाज तबकडीवर आला. पुढे नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या गाण्याच्या वेळी यंत्रणेचा एक भाग नादुरुस्त होता. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड फेकून न देता ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारी डबी तयार केली. ती १९६२ साली 'मॅस्ट्रो फझटोन' या नावाने बाजारात आली. १९६४ साली 'किंक्स' या इंग्रज वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस याने एका छोट्या विवर्धकाच्या स्पीकरचा कागदी शंकू दाढीच्या पात्याने चिरला, आणि त्या विवर्धकातून येणारा आवाज दुसऱ्या मोठ्या विवर्धकात सोडला.

या शेवटच्या उदाहरणात एक महत्त्वाची कल्पना दडली आहे : एकाने आवाज फाडायचा, दुसऱ्याने तो मोठा करायचा.

फाटते म्हणजे काय होते?

शुद्ध स्वराची लाट गोलसर चढते-उतरते. विवर्धकाला ठरावीक उंचीपलीकडे लाट उचलता येत नाही. त्याहून मोठी लाट आली की तिचा माथा कापला जातो आणि पाचगणीच्या पठारासारखी सपाटी तयार होते. असा कापलेला आकार गणिताने सोडवला तर त्यात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे नवे उपस्वर सापडतात. वरचा व खालचा माथा सारखाच कापला तर तिप्पट, पाचपट असे विषम उपस्वर मिळतात. कमीजास्त कापला तर समही येतात. तंबोऱ्याची जवारी लावताना आपण उपस्वर खुलवतोच. फरक इतकाच, की तेथे ते काम घोडी व दोरा करतात, येथे व्हॉल्व्ह करतो.

दोन स्वर एकत्र वाजवले तर आणखी एक गोष्ट घडते. ११० व १६५ हर्ट्‌झ, म्हणजे षड्ज-पंचम, घ्या. कापलेल्या लाटेत त्यांच्या वजाबाकीचा ५५ हर्ट्‌झचा स्वरही उमटतो. तो कोणी वाजवलेला नसतो, तरी खालच्या सप्तकातला षड्ज म्हणून तो भारदस्तपणा आणतो. आता पंचमाऐवजी गंधार घेऊ. गिटारच्या पडद्यावर तो १३८.६ हर्ट्‌झ असतो. ११०ची पाचपट ५५०, आणि १३८.६ची चौपट ५५४.४. हे दोन उपस्वर सेकंदाला चारहून अधिक विस्पंद करतात. साध्या आवाजात ते लपून राहतात. फाटलेल्या आवाजात उपस्वर बलवान झाल्यामुळे खरखर ऐकू येते. मेटलचे वादक बहुधा षड्ज-पंचमाचीच जोडी का वाजवतात, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

कोठे फाडायचा?

१९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जे विवर्धक बनू लागले, त्यांत फाटण्याचे बरेचसे काम शेवटच्या, म्हणजे शक्तीच्या टप्प्यात होई. त्यासाठी आवाज कान बधिर होण्याइतका चढवावा लागे.

बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी झाला. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या आणि वाजवत राहिला. १९७० साली आलेली 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी हेवी मेटलचा आरंभ मानली जाते. आयोमी विवर्धकाच्या आधी उच्च कंप्रता वाढवणारी एक डबी जोडत असे. खर्ज आधीच आवरला की फाटल्यावर चिखल होत नाही, हे तत्त्व तेव्हापासून या संगीतात टिकून आहे.

याच सुमारास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी, म्हणजे 'मेसा बूगी'च्या संस्थापकांनी, सुरुवातीच्या भागातच विवर्धनाचे जादा टप्पे एकामागे एक जोडले. एक टप्पा ५० पट वाढवत असेल तर दोन टप्पे २५०० पट! आता आवाज प्रीॲम्पमध्येच फाटू लागला आणि शेवटच्या बटणाने तो हवा तितका लहान-मोठा करता येऊ लागला. 'फाडणे' आणि 'मोठे करणे' ही कामे वेगळी झाली. मग त्यांना वेगवेगळ्या खोक्यांत ठेवायला काय हरकत?

१९८३ साली वाद्ये व यंत्रे परस्परांना जोडणारी 'मिडी' ही संकेतपद्धती आली. १९८७ साली 'एडीए एमपी-१' हा व्हॉल्व्हचा प्रीॲम्प निघाला. त्यात १२८ आवाज साठवून पायाने बदलता येत. पाठोपाठ १९९१ साली मेसाचा 'ट्रायॲक्सिस' आणि १९९२ साली मार्शलचा 'जेएमपी-१' आले. सर्व १९ इंची! टेलिफोनची मांडणी अशी गिटारवादकाच्या घरी पोहोचली.

निवड करताना

इतिहास कळला की निवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रीॲम्प पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात : टप्पे पुरेसे आहेत का, फाटण्याआधी खर्ज आवरता येतो का, आणि फाटल्यानंतर स्वररंग बदलता येतो का.

पॉवर ॲम्पकडून उलट अपेक्षा असते. त्याने आणखी फाडू नये. तळहाताने तार दाबून वाजवलेला तुटक ठोका तेथे थांबायला हवा तेथेच थांबला पाहिजे, म्हणजे स्पीकरच्या शंकूवर विवर्धकाची पकड हवी. ही पकड ऋण प्रतिभरणामुळे वाढते. वॉटच्या आकड्याला मात्र भुलू नये. ५० वॉटचे १०० केले तर वाढ होते केवळ ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. जादा वॉट उपयोगी पडतात ते खर्जाचे धक्के न फाटता पेलण्यासाठी.

व्हॉल्व्हच हवा, असेही नाही. 'पँटेरा'च्या डाइमबॅग डॅरेलने १९९०च्या दशकात ट्रान्झिस्टरच्या विवर्धकावर नाव कमावले, आणि आज हे सारे काम संगणकीय पद्धतीनेही होते. एक इशारा मात्र द्यायला हवा : व्हॉल्व्हच्या विवर्धकात शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि बंद केल्यावरही तो काही काळ धारित्रात टिकतो. विद्यार्थ्यांनी तो उघडू नये. स्पीकर न जोडता तो चालवूही नये.

वर्गात करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. आलेखाच्या कागदावर ज्या-वक्र काढा, दोन्ही माथे पट्टीने सारखे कापा. मग मूळ वक्रात तिप्पट कंप्रतेचा एक छोटा वक्र मिळवून पाहा. माथे कसे चपटे होतात ते मुलांना स्वतःच दिसेल.

आणि तो लोखंडी रॅक पुन्हा आठवा. वरच्या खोक्यात आवाज जाणूनबुजून फाडला जातो. खालच्या खोक्यात ब्लॅकचे प्रतिभरण तो फाटलेला आवाज जसाच्या तसा जपते. ज्या विरूपणाला हटवण्यासाठी त्याने ते शोधले, त्याच विरूपणाची ते आज राखण करते. स्नेहसंमेलनात पाहुण्यांचे शब्द कळावे लागतात, म्हणून तेथे फाटणे हा दोष. लाट दोन्हीकडे सारखीच कापली जाते. तिला दोष म्हणायचे की गुण, हे मात्र आपल्याला काय ऐकायचे आहे त्यावर ठरते.