सागरी रेडिओ (कोकण किनारा)

जहाजे, मासेमारी नौका, बंदरे व किनारी ठाणी यांच्यातील बोलणे वाहून नेणारा बिनतारी संच. मच्छीमार त्याला ‘वायरलेस’ किंवा ‘व्हीएचएफ’ म्हणतात.

कार्य : संच १५६ मेगाहर्ट्‌झच्या पुढील पट्ट्यात चालतो. बटण दाबून बोलले की वाहक लहरीची वारंवारता आवाजानुसार कमीजास्त होते. समोरचा संच त्या बदलातून आवाज वेगळा काढतो. नौकांमधील बोलण्यासाठी पाठवणे व ऐकणे एकाच वारंवारतेवर होते, म्हणून बटण सोडल्याशिवाय उत्तर ऐकू येत नाही. एखाद्याचे बटण दाबलेलेच राहिले, तर आसपासच्या सर्वांचे चॅनेल अडते.

पल्ला : या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पल्ला मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर ठरतो, शक्तीवर तितका नाही; बसवलेल्या संचाची कमाल शक्ती २५ वॉट असते. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे मिळवून ४.१ ने गुणल्यास अंदाजे किलोमीटर मिळतात. पाण्यापासून ४ मी. उंच अँटेना असलेल्या दोन नौकांना सुमारे १६ किमी., तर अशी एक नौका व १०० मी. उंचीवरील किनारी अँटेना यांना सुमारे ४९ किमी. पल्ला मिळतो. अँटेना केबिनच्या कडेला न बांधता डोलकाठीच्या माथ्यावर बसवणे हा पल्ला वाढवण्याचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय. या पल्ल्यापलीकडे मध्यम व उच्च वारंवारतेचे संच किंवा उपग्रह लागतात.

संकटसंदेश : चॅनेल १६ (१५६.८ मेगाहर्ट्‌झ) संकटासाठी व हाक देण्यासाठी राखीव आहे. ‘मेडे’ तीनदा, मग नौकेचे नाव, अक्षांश-रेखांश, संकटाचे स्वरूप व माणसांची संख्या सांगून बटण सोडावे. डिजिटल हाकेची सोय असलेला संच चॅनेल ७० वरून नौकेचा क्रमांक आपोआप पाठवतो. जीपीएस जोडलेले असल्यास ठिकाणही जाते.

कोकणातील वापर : ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग–मुंबई पट्ट्यात किनाऱ्यावर आले, तेव्हा अनेक नौका समुद्रात सापडल्या. अशा वेळी किनाऱ्याचा इशारा पल्ल्याबाहेरच्या तांडेलापर्यंत (नौकेच्या प्रमुखापर्यंत) पोहोचवायचा, तर मधल्या नौकेने तो पुढे सांगावा लागतो. शोध व बचावाचे समन्वयन तटरक्षक दलाचे मुंबई केंद्र करते. इस्रोने विकसित केलेले संकटसूचक यंत्र उपग्रहामार्गे संकेत पाठवते. २०२४ मधील दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोचही परत मिळते. पण जवळच्या नौकेला हाक ऐकू जाते ती चॅनेल १६ वरच, आणि पहिली मदत बहुधा तिच्याकडूनच येते. म्हणून समुद्रात संच सतत चालू ठेवणे हे प्रत्येक तांडेलाचे कर्तव्य आहे.

परवाना : संचाचा परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाकडून मिळतो.