मिरचीच्या वाट्याचं ऊन

परवा आईच्या मिरचीचं बी उन्हात घालायला काढलं तर डब्यात जेमतेम मूठभर निघालं. ही मिरची कुठल्या कंपनीची नाही. माझ्या आजीपासून घरात आहे. बारीक, टोकाला वाकडी, रंग साधारण पण वास चांगला. मधली काही वर्षं ती जवळजवळ गेलीच होती. पाणी कमी नव्हतं, खतही होतं. कमी पडलं ते ऊन, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ गेला. म्हणून जरा मागचं लिहितो.

मिरची मुळात आपली नाहीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आणली, गोव्यात उतरली आणि तिथून सगळीकडे गेली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. नवीन तिखटाला मिरीवरून मिरची म्हणू लागले. नाव जवळचं, पण स्वभाव उलटा. मिरीचा वेल नारळ-सुपारीच्या अंगावर सावलीत खूश असतो. मिरचीचं तसं नाही. तिकडे मेक्सिकोत रानमिरची अजून आहे, ती मोठ्या काटेरी झुडपांच्या आडोशाला उगवते. पाखरांना मिरचीचा तिखटपणा लागत नाही, ती फळ खातात आणि झाडावर बसून खाली बी टाकतात. म्हणून रोप लहान असताना तिला आडोसा मानवतो. पण शेतातल्या मिरचीला फूल लागायच्या वेळेपासून दिवसाला सहा ते आठ तास उघडं ऊन पाहिजे. आईला मेक्सिको माहीत नाही, पण रोप ती गोठ्याच्या वळचणीला करायची आणि लावायची मात्र उघड्यावर.

आता आमचं महाड-पोलादपूर बघा. जुलै-ऑगस्टात दोन-तीन तास सूर्य दिसला तरी नशीब. अशात मिरचीची फुलं गळतात, राहिलेल्या झाडाची मुळं कुजतात. म्हणूनच वर्षाची लाल मिरची घाटावरून यायची. आजोबा सांगायचे, वरंध्याच्या घाटाने बैलांच्या पाठीवर मिरची, गूळ उतरायचा आणि इथून मीठ, सुकी मासळी वर जायची. महाड तेव्हा सावित्रीवरचं बंदर होतं, भरतीबरोबर होड्या आत यायच्या. घरापुरती मिरची मात्र आमचे लोक दोन प्रकारे करायचे. एक, पावसाळ्यात वरकसाच्या उतारावर नाचणीच्या कडेने, जिथे पाणी थांबत नाही. गोव्यात काणकोणची खोला मिरची अशीच डोंगरउतारावर पावसावर करतात, तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि दुसरी, भात कापल्यावर ओलीवर, नंतर वहाळाच्या पाण्यावर. आईची मिरची ही दुसऱ्यातली.

या दुसऱ्या मिरचीला ऊन कोण द्यायचं? माझ्या मते राब. हे पुस्तकात कुठे वाचलेलं नाही, माझं निरीक्षण आहे. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पातेरा, टाहाळ पसरून जाळायचं म्हणजे राब. त्या टाहाळासाठी दर हिवाळ्यात बांधावरचे ऐन छाटले जायचे. इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा केला आणि या तोडीवर बंधनं आली. लोक इतके खवळले की १८८५ साली ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, इथल्या तक्रारींसाठी सरकारला कमिशन नेमावं लागलं. भांडण होतं ते राखेसाठी. पण ऐन बोडका झाला की त्याच महिन्यांत खालच्या मिरचीवर दिवसभर ऊन पडायचं, हे कुणी मोजलंच नाही. फुकटात मिळत होतं ना!

मग युरिया आला, राब कमी झाला, आमच्या बांधावरचे ऐन वाढत गेले. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. आम्हीही नंतर वरकसावर हापूसची कलमं लावली, दहा बाय दहा मीटरवर. पहिली पाच-सहा वर्षं मधल्या जागेत मिरची छान आली. पुढे कलमं पसरली. मिरची उंच व्हायला लागली, पेरं लांब, पानं मोठी आणि फिकट, फुलं खाली सडा. मी म्हटलं बोकड्या असेल, फवारण्या केल्या. मग म्हटलं बीच उतरलं. त्यात कुठेतरी शेडनेटची मिरची बघून आलो आणि पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी आणून त्यावर टाकली! सावलीवर सावली. आई काही बोलली नाही, हेच वाईट.

उलगडा झाला तो विजेच्या तारेमुळे. तारेखालच्या फांद्या तोडल्या होत्या आणि त्या वर्षी नेमकी तेवढीच ओळ लगडली. मग डिसेंबरात एक दिवस सकाळी आठपासून पाचपर्यंत दर तासाला वाफ्यावर जाऊन बघितलं. अकरा ते दीड, बस, एवढंच ऊन.

धाकटा भाऊ म्हणाला, दोन कलमं काढूनच टाकू. मी नाही म्हटलं. २२ जुलै २०२१ ला तळिये गेलं, पोलादपुरात साखर सुतारवाडी, केवनाळे इथे दरडी आल्या. उतारावरचं मूळ हलवायची माझी हिंमत नाही. तेव्हा झाड ठेवायचं आणि फांदी काढायची. ऐन पूर्वीसारखे हिवाळ्यात छाटले. कलमांच्या मधल्या दोन-दोन फांद्या आंबा उतरल्यावर काढून कापावर बोर्डो पेस्ट लावली. त्यावरून भाऊ महिनाभर धड बोलला नाही, फांदीमागे किती आंबा गेला ते त्याने हिशोबाने ऐकवलं. त्याचंही खोटं नव्हतं.

दुसरं, वाफा झाडाच्या दक्षिणेला घेतला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा हाच हिशोब उलटा होतो. जाळी आता फक्त एप्रिल-मेमध्ये, तीही पश्चिमेच्या बाजूने उभी. दुपारनंतरच्या उन्हाने फळाला पांढरे चट्टे पडतात तेवढ्यापुरती. नारळाची झावळं लावली तरी तेच काम होतं.

यंदा बावीस झाडं लावली, सतरा धरली. आईने एक सुकी मिरची मोडून वास घेतला, म्हणाली, "हां, हीच ती. पण कलमाकडच्या ओळीतलं बी नको धरूस, बांधाकडचंच ठेव." डब्यात आहे ते बांधाकडच्या तीन झाडांचं.