इंजिन ओरिजनल आहे का?

"इंजिन एकदम ओरिजनल आहे साहेब, कंपनी फिटिंग." जुनी गाडी बघायला गेलात की हे वाक्य कानावर पडणारच. बोलणारा दरवेळी थाप मारत असतो असं नाही. त्याच्या हिशोबात ओरिजनल म्हणजे ज्या कंपनीची गाडी त्याच कंपनीचं इंजिन. फियाटमध्ये फियाटचं आहे ना, मग झालं तर! पण जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या बाजारात या शब्दाचा अर्थ फार कडक आहे. गाडी कारखान्याच्या दारातून पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा तिच्यात जो लोखंडाचा ठोकळा होता, नेमका तोच आजही आहे का? तिकडे याला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात. त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं, पण दुसऱ्या गाडीतलं इंजिन असलं तरी भाव घसरतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटतो. सर्व्हरवर चालू असलेलं बिल्ड नक्की कुठलं, हे शोधण्यात आमचं अर्धं आयुष्य जातं. शिवाय मी सोलापूरचा. सोलापूरचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच. आधी जरा इंदूरला जाऊन येऊ.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) म्हणजे माणिकबाग राजवाडा बांधणारे. गाड्यांचा शौक जबरदस्त. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एक सुपरचार्जर लावलेली गाडी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. ही गाडी आजही जगभरच्या शौकिनांना माहीत आहे, आणि तिची ओळख काय? 'जे-५८५'. हा तिचा चॅसिस नंबर नाही, इंजिनचा नंबर आहे! ड्यूसेनबर्गच्या 'जे' गाड्या इंजिनाच्या नंबरानेच ओळखायची पद्धत पडली. आठ सिलेंडर एका ओळीत, जवळजवळ सात लिटरचं इंजिन, सुपरचार्जरसकट ३२० हॉर्सपॉवरचा कंपनीचा दावा. असं इंजिन असल्यावर गाडीचं नाव त्याच्यावरूनच पडणार म्हणा. पण मग गंमत अशी की इंजिन काढून दुसऱ्या गाडीत घातलं तर नाव कुणाबरोबर गेलं? ड्यूसेनबर्गच्या बाबतीत अशा अदलाबदली भरपूर झाल्या. म्हणून तिथला ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग क्लब इंजिन, चॅसिस आणि बॉनेटच्या मागच्या पत्र्यावरची पट्टी असे वेगवेगळे नंबर तपासून गाड्यांना प्रतवारी लावून देतो.

आता हे तपासतात कसं? नुसता नंबर वाचून भागत नाही. पहिला गोंधळ म्हणजे ब्लॉकवर दोन प्रकारचे नंबर असतात. एक ओतीव, म्हणजे साच्यातूनच उठून आलेला. तो त्या डिझाइनच्या सगळ्या ब्लॉकवर सारखाच असतो, आणि नवखा माणूस हमखास तोच लिहून घेऊन घरी येतो. दुसरा पंचाने ठोकलेला, आणि तो त्या एकाच इंजिनाचा. काही कंपन्या ओतकामाची तारीखही साच्यात टाकत. ती तारीख गाडी तयार झाल्याच्या आधीची हवी, आणि फार आधीचीही नको. ब्लॉक जूनमध्ये ओतला आणि गाडी मार्चमध्ये विकली, असं होईल का?

मग येतात कंपनीच्या खुणा. एमजी टीसी ही १९४५ ते १९४९ मधली छोटी टू-सीटर. तिच्या १२५० सीसी इंजिनाचा 'एक्सपीएजी' नंबर एका अष्टकोनी पट्टीवर असे. पट्टी रिव्हेटने लावलेली, म्हणजे काढून दुसरीकडे लावता येणारी, हे आलंच. जॅग्वार एक्सके १२० चा इंजिन नंबर बऱ्याचदा 'डब्ल्यू'ने सुरू होतो आणि शेवटी ७ किंवा ८ असा आकडा येतो. तो कॉम्प्रेशन रेशो. हा नंबर ब्लॉकवरही असतो आणि सिलेंडर हेडवरही, शिवाय गाडीवरच्या पट्टीवर चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी हे सगळे नंबर एकत्र दिलेले. आणि कंपनीच्या जुन्या वह्या जपून ठेवल्यामुळे जॅग्वारचा वारसा ट्रस्ट त्या बघून दाखला देतो. म्हणजे लोखंड, पट्टी आणि वही असे तीन साक्षीदार. तिघांची जबानी जुळली तर बरं. आमच्या भाषेत चेकसम म्हणा.

खोटेपणा पकडायची एक युक्ती मला फार आवडली. अमेरिकन कॉर्व्हेटचा नंबर ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाला लागून असलेल्या जागेवर ठोकलेला असतो. ब्लॉक सपाट करताना कारखान्यातल्या मशीनच्या बारीक समांतर रेघा तिथे उमटतात. नंबर आहे पण रेघा नाहीत, किंवा रेघा भलत्याच दिशेला आहेत, याचा अर्थ कुणीतरी जागा घासून नवा नंबर मारलाय. पण (हा 'पण' महत्त्वाचा) गॅस्केट फुटल्यावर ब्लॉकचं 'फेसिंग' करून घेतलं तरी रेघा जातात, आणि कधी कधी नंबरही. म्हणजे रेघा नाहीत म्हणून मालक चोरच, असंही म्हणता येत नाही. पोलिसांकडच्या प्रकरणांत न्यायवैद्यक प्रयोगशाळा घासलेल्या जागी आम्ल लावून बघतात. पंच ठोकला की खालपर्यंत धातू दबतो, वरचा थर घासला तरी दबलेला भाग आम्लात वेगळा झिजतो आणि आकडे धूसर दिसतात. स्टीलवर हे बरं जमतं, बिडाच्या ब्लॉकवर कठीण.

इथवर सगळं इंजिनिअरिंग झालं. पण नंबर जुळला नाही तर गाडी 'ती' राहत नाही का? या प्रश्नावर लंडनच्या हायकोर्टात खरोखर खटला झालाय. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० असं दोनदा ल मान्सची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात बदल होत गेले. साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागी आठ लिटरचं आलं. १९३२ साली ब्रुकलँड्सला तिला भीषण अपघात झाला, त्यात चालक क्लाइव्ह डनफी गेला. नंतर तिच्यावर वेगळीच बॉडी चढली. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला, आणि घेणारी कंपनी मागे हटली: ही ती गाडीच नव्हे! न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो विकणाऱ्याच्या बाजूने. १९२९ ची मूळ गाडी हिला म्हणता येणार नाही, पण ही अस्सल 'ओल्ड नंबर वन' आहे, कारण बदल होत गेले तरी तिचा इतिहास कुठे तुटला नाही. मूळ वेगळं आणि अस्सल वेगळं. मला तरी हे पटतं.

आता सोलापूर. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात करून हा माणूस जहाजं, विमानं, साखर असं करत मोटारींपर्यंत पोचला. १९४४ मध्ये त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग फियाट. वालचंद १९५३ मध्ये गेले, पण पुढे त्यांच्याच कंपनीतून फियाट ११०० च्या पिढ्या निघाल्या आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव झालं पद्मिनी. पद्मिनी काही स्पोर्ट्स कार नव्हे, हसू नका! पण त्या काळात ज्याला वेगाची हौस होती त्याने कार्बोरेटर आणि सायलेन्सर बदलून जी गाडी पळवली ती बहुतेक हीच. दुसरं होतं काय? १९५० च्या दशकात सरकारी धोरणामुळे जनरल मोटर्स आणि फोर्ड इथलं जुळणीचं काम बंद करून गेले होते, आणि बाहेरची गाडी आणायची तर लायसन्सचे हेलपाटे.

आपल्याकडे इंजिनं बदलली गेली ती याच तुटवड्यामुळे. भाग मिळायचे नाहीत, मिळाले तर महाग. फियाटचं १०८९ सीसी इंजिन वर्षानुवर्षं जवळपास तेच राहिलं, त्यामुळे साठच्या दशकातल्या गाडीत ऐंशीच्या दशकातलं हाफ इंजिन (म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड सोडून) सहज बसायचं. बाहेरून बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. ब्लॉकला आणखी एक बोअर मारण्याइतकी भिंत उरली नाही की मिस्त्री स्वतःच म्हणायचा, "मालक, दुसरा ब्लॉक बघा." पुढे डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिनं बसली. अॅम्बॅसडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन घातलेलं आमच्या भागात कितीतरी जणांनी बघितलं असेल. शौकीन लोक याला विटंबना म्हणतात. माझं म्हणणं, इंजिन बदललं नसतं तर त्यातल्या निम्म्या गाड्या भंगारात गेल्या असत्या, मग नंबर कशाशी जुळवणार होतात?

हे सगळं आत्ता का काढलं? कारण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. तिला नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती वगैरेपुरतीच. सत्तरच्या दशकाच्या मध्यातल्या पहिल्या पद्मिनी आत्ता या उंबरठ्यावर आल्यात. म्हणजे ज्या ब्लॉककडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचा नंबर अचानक मोलाचा झाला.

आणि इथेच मोह सुटतो. आरसी बुकात एक नंबर, ब्लॉकवर दुसरा. "पंच मारून देतो, पाच मिनिटांचं काम," असं सांगणारे भेटतात. कृपा करून हे करू नका. गुन्हा आहे हे तर झालंच, पण त्या ब्लॉकचा खरा नंबर हा त्या गाडीच्या मधल्या वीस-तीस वर्षांचा एकमेव पुरावा असतो, तो ग्राइंडरखाली कायमचा जातो. कायद्याचा सरळ रस्ता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. जुन्या मालकांनी ती केली असेल तर आरसी बुकाची मागची पानं वाचा, तिथे शिक्क्यासकट सापडते.

एक मात्र लक्षात ठेवा. नंबर जुळत नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. हाताने लिहिलेली पुस्तकं नंतर संगणकात भरली गेली, आणि डेटा एंट्री काय चीज आहे हे मी तुम्हाला काय सांगू! शून्याचा 'ओ', आठचा 'बी', एकाचा 'आय' सहज होतो. गाडी मुंबईहून एनओसी घेऊन सोलापुरात आली असेल तर दोन आरटीओंचे कागद समोरासमोर ठेवा. चॅसिसचा पेन्सिलीने घासून काढलेला ठसा जुन्या अर्जाला चिकटवलेला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात कुणाचं अक्षर आणि कुणाची चूक मधे येत नाही. असला ठसा इंजिनाचाही आपला आपण काढून ठेवावा. पातळ कागद, मऊ पेन्सिल, आणि त्याआधी रॉकेलच्या फडक्याने चिखल-ग्रीस पुसायचं. तारेचा ब्रश नको, उथळ पंच असेल तर आकडेच जायचे.

सात रस्त्याजवळच्या एका मिस्त्रीकडे मी अशी एक फियाट बघितली. आरसीवरचा जुना इंजिन नंबर रेघ मारून खोडलेला, खाली नवा, बाजूला सही-शिक्का. मालकाच्या फायलीत हाफ इंजिनचं पिवळं पडलेलं बिल, त्यावर ब्लॉकचा नंबर शाईच्या पेनाने लिहिलेला. टॉर्च मारून आम्ही ब्लॉक बघितला, एकेक आकडा मोठ्याने वाचत. बिलावरचाच होता.