सगळेच सुंदर झाले तर?

स्कॉट वेस्टरफेल्ड या लेखकाची 'अग्लीज' ही किशोरांसाठीची कादंबरी २००५ साली आली. दूरच्या भविष्यातलं एक शहर. तिथे प्रत्येकाला सोळाव्या वाढदिवशी सरकारकडून एक भेट मिळते: शस्त्रक्रिया! हाडं घासून, कातडी बदलून, डोळे मोठे करून मुलांना 'सुंदर' केलं जातं आणि नदीपलीकडच्या मौजमजेच्या वस्तीत पाठवलं जातं. तोपर्यंत सगळे 'कुरूप'. नायिका टॅली त्या दिवसाची वाट बघत दिवस मोजते आहे.

'मुलांचं पुस्तक' म्हणून हे बाजूला ठेवू नये असं मला वाटतं. कारण त्याच्यामागे पन्नासेक वर्षांचा एक वाद आहे, आणि तो वाद एका खऱ्या अन्यायातून निघाला आहे. देखण्या माणसाला जग झुकतं माप देतं. शाळेत, नोकरीत, लग्नाच्या बाजारात, सगळीकडे. आणि चेहरा तर कुणी कष्टाने कमावलेला नसतो. मग न्याय करायचा कसा?

चार्ल्स बोमाँट या अमेरिकन लेखकाने १९५२ साली 'द ब्यूटिफुल पीपल' या कथेत एक उत्तर मांडून पाहिलं: सगळ्यांनाच सुंदर करून टाका. याच कथेवरून 'द ट्वायलाइट झोन' या टीव्ही मालिकेचा एक भाग निघाला, तो दाखवला गेला २४ जानेवारी १९६४ ला. तिथे सौंदर्याचे ठरावीक साचे आहेत, त्यांना क्रमांक आहेत. मुलीने वयात आल्यावर फक्त साचा निवडायचा. नायिका मॅरिलिन म्हणते, मला नको. गंमत म्हणजे तिच्यावर कुणी ओरडत नाही. आई, मैत्रीण, डॉक्टर, सगळे हसून समजूत घालतात, तुझ्याच भल्यासाठी म्हणतात. शेवटी ती आरशासमोर उभी राहून खूश होते, मी अगदी मैत्रिणीसारखी दिसते म्हणून. अंगावर काटा येतो तो त्या खुशीमुळे.

इंग्लंडच्या एल. पी. हार्टली यांनी १९६० च्या 'फेशियल जस्टिस'मध्ये उलटं टोक धरलं. तिसऱ्या महायुद्धानंतरच्या समाजात मत्सर नको, म्हणून फार देखण्या बायकांना मध्यम चेहरा घ्यायला लावायचं. टेड चँग यांनी २००२ च्या एका दीर्घकथेत तिसरी वाट काढली: चेहरे राहू देत तसेच, बघणाऱ्याच्या मेंदूतली सौंदर्य जाणवण्याची सोयच बंद करा. त्या कथेत दोन्ही बाजूंचं म्हणणं इतकं पटतं की वाचक गोंधळून जातो. वेस्टरफेल्डने 'अग्लीज'मध्ये नोंदवलं आहे की चँगबरोबर या कथेबद्दल झालेल्या ई-मेलमधून हे पुस्तक घडत गेलं.

म्हणजे सगळ्यांना वर उचला, सगळ्यांना खाली आणा किंवा बघणाऱ्याला आंधळं करा. हेतू प्रत्येक वेळी चांगलाच!

'अग्लीज'मधलं गुपित असं की शस्त्रक्रियेत मेंदूवरही हळूच जखमा केल्या जातात. सुंदर माणसं शांत, आज्ञाधारक आणि थोडी बावळट होतात. पण मला याहून भयंकर वाटतो तो आधीचा भाग. एकमेकांना व्यंगावरून नावं ठेवत ही मुलं मोठी होतात, आणि आपण कुरूप आहोत हे त्यांना शाळेतच शिकवलेलं असतं. सुरी सोळाव्या वर्षी चालते, मन त्याच्या कितीतरी आधी तयार झालेलं असतं. शे नावाची मैत्रीण पळून जायला निघते, तेव्हा टॅलीला तिचा हट्टच कळत नाही.

मालिकेचं चौथं पुस्तक 'एक्स्ट्राज' २००७ चं. सक्तीची शस्त्रक्रिया संपली आहे. पण जपानमधल्या एका शहरात आता प्रत्येकाला प्रसिद्धीचा क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकावर जगणं ठरतं. इन्स्टाग्राम आलं २०१० मध्ये, हे लक्षात घेऊन वाचा!

पुढे २०१८ साली धोनिएल क्लेटन यांची 'द बेल्स' आली. ऑर्लेआँ नावाच्या काल्पनिक राज्यात माणसं राखाडी, निस्तेज जन्मतात. 'बेल' नावाच्या काही मुलींच्या रक्तात जादू असते, त्याच इतरांना रंग-रूप देतात. हे रूप टिकत नाही, पुन्हा पुन्हा वेदना सोसून आणि पैसे मोजून घ्यावं लागतं. इथे हुकूम नाही, दुकान आहे. आणि रूप देणाऱ्या मुलीच सगळ्यात जास्त बंदिस्त आहेत.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 'फेअर अँड लव्हली' भारतात आली १९७५ ला, आणि नावातला 'फेअर' गेला २०२० मध्ये. इतकी वर्षं ती ट्यूब विकत घ्यायला कुठल्याच सरकारने भाग पाडलं नव्हतं. 'गोरी, देखणी वधू पाहिजे' हेही आपणच छापत आलो.

'अग्लीज'वर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सचा चित्रपट निघाला. त्यात 'कुरूप' टॅलीचं काम करते जोई किंग, चांगली देखणी नटी. पुस्तकाला जे म्हणायचं होतं त्याचा याहून चांगला पुरावा नको.

घरात बारा-तेरा वर्षांचं कुणी असेल तर चित्रपटाआधी पुस्तक हातात द्या. आणि टॅलीला पळून जायला इतका वेळ का लागला, एवढं एकच विचारा. माझ्या मते सगळं पुस्तक त्या उशिरातच आहे.